त्याऐवजी आणि स्वल्पविराम

मध्यंतरी एका रात्री एका सबटायटलपाशी माझं घोडं अडलं.

माझं काम असं की परदेशी मालिकांचे संवाद कुणीतरी मराठीत उतरवून ठेवतं आणि ते माझ्याकडे तपासायला येतात. ओळीला चाळीसेक अक्षरांची मर्यादा, वाचायला दोन-अडीच सेकंद. एका भागात पाचशे-सहाशे ओळी असतात, त्यातल्या चारशे डोळे मिटून पुढे ढकलाव्यात अशा. ही तशी नव्हती. शाळेचं गॅदरिंग चाललंय. स्टेजमागे सात-आठ वर्षांची मुलगी परीचे पंख लावून उभी आहे आणि सारखी दाराकडे बघतेय. आई इस्पितळात आहे, हे आपल्याला आधीच्या भागात कळलेलं, तिला अर्धवट. दार उघडतं. मावशी येते, गुडघ्यांवर बसते, तिचा कललेला पंख सरळ करते आणि म्हणते, ‘आय केम इन्स्टेड.’

खाली मराठी अक्षरं उमटली: ‘त्याऐवजी, मी आले.’

कशाऐवजी? पंखाऐवजी? पोरगी आईची वाट बघतेय आणि मावशी तिला शासकीय परिपत्रक वाचून दाखवतेय.

भाषांतर करणाऱ्या मुलाला दोष देण्यात अर्थ नव्हता. एका दिवसात हजार ओळी उरकायच्या म्हटल्यावर कोशात जे पहिलं सापडेल ते माणूस ठेवून देतो, आणि हल्ली अर्धं काम यंत्रच करून देतं. ‘इन्स्टेड’ दिसलं की ‘त्याऐवजी’, वाक्याच्या सुरुवातीला, पाठोपाठ स्वल्पविराम. तुमच्या फोनवरही हे बघितलं असेल. ‘त्याऐवजी पासवर्ड वापरा.’ ‘त्याऐवजी नंतर प्रयत्न करा.’ मी तर आता एखादा लेख भाषांतरित आहे की मुळातला, हे त्यातली ‘त्याऐवजी’ मोजून सांगते. माझ्या आईनं सत्तर वर्षांत ‘त्याऐवजी’नं वाक्य सुरू केल्याचं मला आठवत नाही, आणि ती काही कमी बोलत नाही.

इंग्रजीत या शब्दाला दोन तऱ्हा आहेत. मागे ‘ऑफ’ लागला की त्याला कुणाचं तरी नाव घ्यावंच लागतं: इन्स्टेड ऑफ टी, इन्स्टेड ऑफ हिम. ‘ऑफ’ गळला की तो मोकळा. नुसतं क्रियाविशेषण. वाक्याच्या शेवटी जाऊन बसतो, कधी सुरुवातीला येतो, आणि जे गेलं त्याचं नाव घ्यायची सक्ती त्याच्यावर राहत नाही. ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. ‘आय केम इन्स्टेड’मध्ये आई कुठेच नाही. तरी ती आहे, म्हणून तर वाक्य पोटात जातं.

कॉलेजात असताना मी दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायचे. तिथे हा शब्द दरवर्षी घोळ घालायचा. पहिला घोळ ‘इन स्पाइट ऑफ’शी. दोन्हींची सुरुवात ‘इन’नं, मध्ये ‘स’, शेवटी ‘ऑफ’, आणि दोन्ही वाक्यरूपांतराच्या प्रश्नाला. एकानं लिहिलं होतं, ‘इन स्पाइट ऑफ टी, आय ड्रँक कॉफी.’ चहा असूनही मी कॉफी प्यायलो! व्याकरणात खोट काढता येईना, पण त्या घरच्या चहाची अब्रू गेली. दुसरा घोळ ‘इन्स्टेड टू गो’चा. हा कुठून येतो ते मला फार उशिरा कळलं. आपण तेव्हा पाचवीपासून घोकलेलं असायचं, जाणे म्हणजे टू गो, खाणे म्हणजे टू ईट. ‘जाण्याऐवजी’मध्ये ‘जाणे’ स्पष्ट ऐकू येतं, मग पोरगं इमानदारीत ‘टू गो’ लिहितं.

तिसरी चूक मला सगळ्यात आवडायची. ‘देअर वॉज नो टी, सो आय ड्रँक कॉफी इन्स्टेड ऑफ.’ पूर्णविराम. दरवर्षी निदान एक तरी पोरगं हे लिहायचंच. मी लाल शाईनं ‘ऑफ’ खोडायचे आणि पुढच्या चाचणीत तो परत हजर. तेव्हा चिडायचे. आता वाटतं की ते पोरगं मराठीचं ऐकत होतं. आपल्या ‘ऐवजी’ला एकट्यानं उभं राहता येत नाही. चहाऐवजी, त्याच्याऐवजी, जाण्याऐवजी. कुणाचा तरी हात धरल्याशिवाय हा शब्द घराबाहेर पडत नाही. कुणीच सापडलं नाही तर निदान ‘त्या’ला धरतो. मग इंग्रजीतला शेवटी एकटा उभा राहिलेला ‘इन्स्टेड’ मुलाला उघडाबोडका वाटतो आणि ते त्याच्या अंगावर ‘ऑफ’ घालतं.

आता चहा नव्हता म्हणून कॉफी घेतली, हे आपण एरवी कसं सांगतो? ‘चहापत्ती संपली होती, मग कॉफीच घेतली.’ बस. त्या ‘मग’ आणि ‘च’मध्ये सगळा इन्स्टेड आला. ‘कॉफी घेतली’ म्हटलं तर ती आवडीनं घेतलेली, ‘कॉफीच घेतली’ म्हटलं की न मिळालेला चहा त्या ‘च’त येऊन बसतो. परदेशी लोकांना मराठी शिकवणारी माझी एक मैत्रीण म्हणते की विभक्ती, लिंग, वचन सगळं त्यांना येतं, पण हा एकाक्षरी ‘च’ वर्षानुवर्षं येत नाही.

आणि ‘च’ हा एकटा नाही. घरात कान देऊन ऐकलं की लक्षात येतं, मराठीत इन्स्टेडसारखा कोरा शब्दच नाही. एकाच्या जागी दुसरं आलं एवढंच सांगून आपण थांबत नाही, त्याबद्दल आपलं काय मत आहे ते त्याच शब्दात घालून देतो. ‘अभ्यास करायचं सोडून मोबाइल काय बघत बसलास?’ हा ‘सोडून’ म्हणजे रागावणं आहे. याचं इंग्रजी ‘इन्स्टेड ऑफ स्टडीइंग’ होईल, पण त्यात आईचे डोळे वटारलेले दिसत नाहीत. ‘रिक्षासाठी थांबण्यापेक्षा चालतच जाऊ’ हा ‘पेक्षा’ सल्ल्याचा. त्यात दोन्ही पारडी तोलून झालेली असतात आणि बोलणाऱ्याचं ठरलेलं असतं, विचारल्यासारखं फक्त करायचं. माझे सासरे कुठल्याही बेतावर ‘त्यापेक्षा असं करा’ म्हणायचे, आणि पुढे जे यायचं त्याचा मूळ बेताशी काडीचा संबंध नसायचा. ‘माफी मागायची राहिली बाजूला, उलट मलाच चार शब्द सुनावले’ हा ‘उलट’ तक्रारीचा, आणि तो वापरताना हात आपोआप कमरेवर जातो. ‘शाळेत न जाता नदीवर गेला’ हे त्यातल्या त्यात तटस्थ, पण ते सांगतानाही पुढे वडिलांनी काय केलं हे ऐकणारा विचारणारच.

मग खुद्द ‘ऐवजी’ कुठे असतो? तो कागदावर. पुस्तकाच्या शेवटी शुद्धिपत्रकात, ‘अमुक ऐवजी तमुक असे वाचावे’. स्टेशनवर, फलाट क्रमांक तीनऐवजी पाचवर गाडी येते आणि हातात पिशव्या घेऊन आपण जिना चढायला लागतो. पाककृतीत, साखरेऐवजी गूळ घातला तरी चालेल. (चालत नाही. पाक बिघडतो. पण ते लिहिणारीला आपण भेटणार नसतो.) म्हणजे जिथे वस्तूला वस्तू, आकड्याला आकडा द्यायचा, मत द्यायचं नाही, तिथे ऐवजी शोभतो. माणसांच्या बाबतीत तो वापरताना मराठी माणूस किंचित अडखळतो. का, ते त्या शब्दाच्या कुळात शिरल्यावर समजलं.

ऐवज आणि ऐवजी एकाच घरातले. अरबीतून फारसीत, फारसीतून आपल्याकडे. मूळ अर्थ मोबदला, भरपाई. एखाद्या गोष्टीच्या बदल्यात जे द्यायचं ते. मोबदला म्हटलं की मोल आलं, मोल म्हटलं की मोलाची वस्तू आली. त्यामुळे रोजच्या पेपरात ‘कपाट फोडून दोन लाखांचा ऐवज लंपास’ वाचताना आपण खरं तर इन्स्टेडच्या भावालाच भेटत असतो. ऐवजीच्या पोटात हिशेब आहे. एक गेलं, त्याची किंमत धरली, तेवढ्याच किमतीचं दुसरं आलं. बदल, बदली, बदला हेही अरबीतूनच आलेलं दुसरं कुटुंब, आणि त्यांच्याही बोलण्यात देवघेव आहेच.

इंग्रजी इन्स्टेडच्या पोटात हिशेब नाही. तिथे जागा आहे. जुन्या इंग्रजीत ‘स्टेडे’ म्हणजे जागा. ‘इन स्टेड ऑफ’ म्हणजे सरळसरळ ‘च्या जागी’. आधी हे दोन वेगळे शब्द होते, वापरता वापरता चिकटले आणि आत जागा आहे हे लोक विसरले. ती अजून ‘होमस्टेड’मध्ये दिसते, पलंगाच्या सांगाड्याला ‘बेडस्टेड’ म्हणतात त्यात दिसते, आणि जागचा न हलणारा तो ‘स्टेडी’. १६११ साली छापलेल्या इंग्रजी बायबलात अब्राहाम मुलाचा बळी द्यायला निघतो आणि ऐन वेळी झुडपात शिंगं अडकलेला एडका सापडतो. तो त्यानं वाहिला, ‘इन द स्टेड ऑफ हिज सन’. मुलाच्या जागी. तिथे जागा अजून उघडी दिसते, आणि त्या जागेवर कोण असायचं होतं त्याचं नावही.

जर्मनमध्ये इन्स्टेडला ‘श्टाट’ म्हणतात, आणि उच्चारात जवळजवळ तसाच दुसरा ‘श्टाट’ म्हणजे शहर. मूळ एकच, जागा. हे सगळे शब्द आपल्या ‘स्था’ धातूचे सख्खे नातलग आहेत. ‘स्टेड’ आणि आपली ‘स्थिती’ ही तर एकाच साच्यातून निघालेली भावंडं. आता गंमत बघा. त्याच ‘स्था’पासून स्थान, ठाव, ठिकाण, ठाणं. शिलाहारांचं श्रीस्थानक घासून घासून ठाणे झालं. म्हणजे लोकल ठाण्याला थांबते तेव्हा ती, लांबून का होईना, इन्स्टेडमधेच थांबते. हे मी एकदा ठाण्यात राहणाऱ्या भावाला सांगितलं. तो म्हणाला, ‘बरोबर आहे, मुंबईत घर परवडलं नाही, मग ठाण्यातच घेतलं.’

फ्रेंचांच्या ‘लिय’मध्येही जागाच, तोच ‘लिय’ पुढे इंग्रजी सरकारी कागदांत ‘इन ल्यू ऑफ’ होऊन बसला. ‘रिप्लेस’मध्ये तर ‘प्लेस’ उघडच आहे. आणि या सगळ्यांच्या आधी पाणिनी. शाळेत ‘इति अधिक आदि, इत्यादि’ अशी संधी पाठ करताना इ च्या जागी य येतो हे आपण शिकलो. ‘च्या जागी’ हे सांगायला पाणिनीला रोज शब्द लागणार होता, कारण त्याचं निम्मं व्याकरण म्हणजे याच्या जागी ते. त्यानं सुरुवातीलाच एक सूत्र करून टाकलं: षष्ठी स्थानेयोगा. सूत्रात षष्ठी दिसली, आणि तिचा दुसरा काही संबंध लागत नसला, की ‘च्या जागी’ समजायचं. बाकी काही बोलायचं नाही. इ ची षष्ठी, की इ च्या जागी. जाणाऱ्याचं नाव स्थानी, येणाऱ्याचं नाव आदेश. पुढे तो म्हणतो, येणारा आदेश हा जाणाऱ्यासारखाच वागवावा, काही अपवाद सोडून. आणि अनेकांतून निवडायचा झाला तर जाणाऱ्याच्या सगळ्यात जवळचा निवडावा, स्थानेऽन्तरतमः. मावशी म्हणजे आणखी काय? आपल्याकडे ‘माय मरो, मावशी उरो’ अशी म्हण आहे. ऐकायला क्रूर आहे, पण सूत्राला धरून आहे.

घरच्या पूजेत हेच रोज चालतं. ताम्हनातल्या तांदळावर ठेवलेली सुपारी हा गणपती असतो. वस्त्र म्हणून कापसाची माळ. दागिने घालायची वेळ आली की गुरुजी पानावरची नजर न हलवता ‘अलंकारार्थे अक्षतान् समर्पयामि’ म्हणतात आणि यजमान चार तांदूळ टाकून लाखांचा ऐवज वाचवतो. लहानपणी मला हे फसवणुकीचं वाटायचं. पण त्या मंत्रात लपवाछपवी नाही. कशाच्या जागी काय, ते देवाला तोंडावर सांगितलेलं असतं.

जागेचा विषय निघाला की मामाची आठवण येते. मामा लालबागला गिरणीत बदली कामगार होता. हा शब्द आता कुणाला सांगावा लागतो, कारण बदली म्हटलं की लोकांना तलाठ्याची किंवा शिक्षकाची आठवते. बदली कामगार म्हणजे ज्याचा स्वतःचा साचा, म्हणजे माग, नाही असा. पाळीच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कुणाचा खाडा पडला तर त्याच्या जागी आत घेणार, नाहीतर डबा तसाच घेऊन घरी. मामी संध्याकाळी विचारायची, ‘आज कुणाच्या बदलीवर?’ मामा आडनाव सांगायचा. रोज वेगळं. मामी त्या माणसांना कधी भेटली नव्हती, पण कुणाला दमा आहे, कुणाच्या बहिणीचं लग्न निघालंय, कुणाची बाटली वाढलीय हे तिला पाठ होतं, कारण त्यांच्या खाड्यावर तिची चूल पेटायची. मामा कुणाच्या आजारपणाबद्दल सांगायला लागला की ती आधी ‘अरेरे’ म्हणायची आणि मग ‘किती दिवस?’ विचारायची. दोन्ही मनापासून.

मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं एकदम घरी बसली. मी लहान होते, मोठ्यांचं बोलणं कानावर पडायचं. मामाचं एक वाक्य आठवतं, तो ते हसून बोलला होता की कसं, ते आता सांगता येणार नाही: ‘सगळ्यांचाच खाडा, आता मी कुणाच्या बदलीवर जाऊ?’ तो संप रीतसर मिटलाच नाही. मामा कायम झाला नाही. पुढे त्याचा मोठा मुलगा दुसरीकडे चिकटला आणि मामा गावी गेला.

‘वडिलांच्या जागी’ या शब्दांचंही असंच गूढ आहे. ‘तो वडिलांच्या जागी लागला’ म्हटलं की आपल्याकडे लगेच कळतं, वडील नोकरीत असताना गेले आणि अनुकंपा तत्त्वावर मुलाला घेतलं. ‘ते मला वडिलांच्या जागी आहेत’ म्हटलं तर कुणीच मेलेलं नसतं, वडील खुशाल ओट्यावर पेपर वाचत असतात. पहिल्यात माणूस गेला आणि खुर्ची उरली. दुसऱ्यात माणूस जागेवर असताना मनात त्याच्याशेजारी आणखी एक पाट मांडला. शब्द तेच. दोन्ही ठिकाणी ‘वडिलांऐवजी’ घालून बघा, दातात खडा येतो.

हा खडा मला पहिल्यांदा आजीनं काढून दाखवला होता. ती माझ्या वडिलांची आई, आजोबांची दुसरी बायको. साताऱ्याकडचं आमचं गाव. पहिली बाळंतपणात गेली, मागे दोन वर्षांचं पोर ठेवून. ते पोर म्हणजे माझे थोरले काका. ती पहिली आमच्या घरात ‘थोरली’ म्हणून कायम होती. तिचं नाव कुणी घेत नसे, पण तिच्यावाचून घरात पान हलत नसे. आजीच्या गळ्यात काळ्या मण्यांत एक छोटा चांदीचा टाक असायचा, बोटाच्या पेराएवढा, त्यावर बाईची आकृती. नाक-डोळे झिजून गेलेले. मला तो देवीचा वाटायचा. तो थोरलीचा होता. सवतीचा टाक गळ्यात घालायची पद्धत आमच्याकडे होती. तिचा मान तिला मिळाला नाही तर ती त्रास देते, असं त्यामागचं बोलणं. आजीला विचारलं तर म्हणायची, ‘तरास कसला देतीय बिचारी, चोवीस वर्साची पोर ती.’ आजी हे म्हणायची तेव्हा स्वतः सत्तरीला आली होती. थोरली चोवीस वर्षांचीच राहिली होती, आणि आजी तिच्याबद्दल सुनेबद्दल बोलावं तसं बोलायची.

पितृपंधरवड्यात अविधवा नवमी येते, सवाष्ण गेलेल्या बायकांची. त्या दिवशी आजी पहाटे उठून एकटी स्वयंपाक करायची. एरवी सगळ्या कामाला सुना लागत, त्या दिवशी चुलीपाशी कुणाला येऊ देत नसे. खीर, वडे, गवारीची भाजी, भोपळा, अळूचं फदफदं, कढी. गावातली एक सवाष्ण जेवायला बोलावलेली असायची. तिला पाटावर बसवून, पाय धुऊन, ओटी भरून आजी समोर बसायची आणि वाढत राहायची. थोरलीला गवार आवडायची म्हणे. हे आजीला कुणी सांगितलं असेल? दोघी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या.

मी सातवी-आठवीत असेन. नव्यानं भाषेची मस्ती चढली होती, शब्द जमवून वापरायचे. तिचं आवरून झाल्यावर ती ओट्यावर बसली होती, मी विचारलं, ‘आजी, म्हणजे थोरलीऐवजी तू आलीस ना?’

आजीनं माझ्याकडे बघितलं. ‘ऐवजी? ऐवजी काय गं? वाण्याकडं साकर न्हवती म्हणून गूळ आणला व्हय?’ मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, ‘तिच्या जागी आले मी. जागा तिचीच हाय.’

तेव्हा मला तो शब्दांचा खेळ वाटला. काकांचं लग्न ठरलं तेव्हा हळदीला आईनं बसायचं असतं, तिथे पाटावर आजी बसली ती गळ्यातला टाक बाहेर काढून, पदरावर दिसेल असा ठेवून, हे मला आईनं फार नंतर सांगितलं. पाणिनीचं आणखी एक सूत्र आहे. प्रत्ययाचा लोप झाला, तो दिसेनासा झाला, तरी त्याच्यामुळे होणारं कार्य होतच राहतं. संस्कृतच्या तासाला ते शिकताना मला गवारीची भाजी आठवली होती आणि बाईंनी का हसतेस म्हणून विचारलं होतं.

असो. पडद्यावर मावशी अजून गुडघ्यांवर बसलेली होती आणि घड्याळात साडेबारा वाजत होते.

‘तिच्याऐवजी मी आले.’ नको. आजीनं आडवा हात घातला. ‘तिच्या जागी मी आले.’ बरोबर, पण आई अजून जिवंत आहे, इस्पितळात आहे, आणि आठ वर्षांच्या मुलीच्या कानात ‘तिच्या जागी’ पडलं तर ती काय समजेल? मूळ इंग्रजीत मावशीनं ज्याचं नाव घ्यायचं शिताफीनं टाळलं, ते मी मराठीत तिच्या तोंडी का घालू? इथे मला पहिल्यांदाच त्या शेवटी एकट्या उभ्या राहिलेल्या इन्स्टेडचा हेवा वाटला. तो आईचं नाव न घेता आईची जागा दाखवून मोकळा होतो. ‘आई नाही आली, मी आले.’ हे तर पोरीला दिसतंच आहे. ‘मी आलेय ना.’ हे छान होतं, आपली कुठलीही मावशी हेच म्हणेल, पण त्यात समजूत जरा जास्त झाली. पडद्यावरची बाई तेवढी खात्रीनं बोलत नव्हती, तिचा आवाज अडखळला होता.

शेवटी ‘मीच आले’ लिहिलं. सहा अक्षरांच्या आत. पुढे पाठवलं आणि झोपले.

सकाळी वरच्या तपासनिसांची लाल टीप आली: ‘इन्स्टेडचा अर्थ सुटला आहे.’ मी उत्तरात लिहिलं, ‘च मध्ये आहे.’ त्यावर काही आलं नाही, मला वाटलं पटलं.

महिन्यानं तो भाग लागला. मी मुद्दाम बघितला. दार उघडलं, मावशी आली, बसली, पंख सरळ केला. खाली अक्षरं आली: ‘त्याऐवजी मीच आले.’

स्वल्पविराम तेवढा गेला होता.